वाट खडकाळ, वेळ ठरलेली : वाचकांचे प्रश्न

खडकाळ पायवाटेवर, म्हणजे ट्रेलवर, एकच फेरी पुन्हा पुन्हा मारीत ठरावीक तास धावण्याच्या शर्यतींविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्या पत्रांचा रोख एकच होता ती एकत्र केली आहेत. प्रकृतीविषयीच्या उत्तरांत सर्वसाधारण माहिती आहे. ज्यांना मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाब यांचा त्रास आहे त्यांनी नावनोंदणीपूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : मी सपाट रस्त्यावर मॅरेथॉन साधारण साडेचार तासांत पूर्ण करतो. आता बारा तासांच्या ट्रेल शर्यतीत नाव नोंदविले आहे. फेरी पाच किलोमीटरची असून तीत सुमारे १५० मीटर चढ आहे आणि वाट दगडगोट्यांची आहे. वेगाचे नियोजन कसे करावे आणि किती अंतराची अपेक्षा धरावी?

उत्तर : आपल्या सवयीच्या शर्यतीत अंतर ठरलेले असते आणि वेळ कमी करायची असते, येथे वेळ ठरलेली आहे आणि अंतर वाढवायचे आहे. मॅरेथॉनमध्ये जोरात धावणाऱ्याची लवकर सुटका होते, पण बारा तासांच्या शर्यतीत बारा तासांआधी कोणाचीच सुटका होत नाही, आणि आपण खुर्चीत बसून राहिलात तरी घड्याळ आपल्या नावावर मिनिटे खर्ची टाकीतच असते. म्हणून हिशोब किलोमीटरमागील वेगाचा न मांडता फेरीमागील मिनिटांचा मांडावा, आणि त्या मिनिटांत थांब्याचा वेळही धरावा.

डोंगरात पायी जाणाऱ्यांसाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ढोबळ ठोकताळा सांगितला होता. सुमारे पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो आहे. आपल्या फेरीला तो लावला तर चालीची ६० आणि चढाची १५ मिळून ७५ मिनिटे होतात. म्हणजे अजिबात न धावता, पण न रेंगाळता चालणारा माणूस बारा तासांत नऊ फेऱ्या, म्हणजे ४५ किलोमीटर, पूर्ण करील. हा आपला किमान आकडा समजावा. चढ झपाझप चालून आणि सपाट भाग व सौम्य उतार धावून आपली फेरी सुरुवातीला पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास आणि शेवटी पंचावन्नच्या आसपास राहील असे गृहीत धरले, तर सरासरी ४९ मिनिटांची मानता येईल. प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे थांबल्यास चौदा फेऱ्यांची ६८६ मिनिटे आणि मधल्या तेरा थांब्यांची २६ मिनिटे मिळून ७१२ होतात, आणि ७२० मिनिटांत चौदा फेऱ्या बसतात. पाय तेच, वेगही तोच, पण थांबा सहा मिनिटांचा झाला की चौदा फेऱ्यांना ७६४ मिनिटे लागतात आणि हाती तेराच उरतात. तीच चार मिनिटे धावून भरून काढायची म्हटले तर फेरी ४९ ऐवजी ४५ मिनिटांत पूर्ण करावी लागेल, म्हणजे वेग जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढवावा लागेल, आणि तोही दमलेल्या पायांनी. सराव करणारे पुष्कळ जण वेगासाठी महिनोन्महिने घाम गाळतात. पाण्याची बाटली चालता चालता कशी भरून घ्यावी याचा सराव मात्र क्वचितच कोणी करतो.

चढावर चालण्यात कमीपणा मानू नये. तीव्र चढावर धावणारा आणि हात मांड्यांवर टेकून भराभर चालणारा यांच्या वेगात फारसे अंतर पडत नाही, पण धावणाऱ्याची धाप आणि हृदयाची गती बरीच वाढते. उताराचे गणित याहून फसवे आहे. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे वेळ फुकट मिळाल्यासारखा वाटतो; परंतु त्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते. पहिल्या तीन फेऱ्यांत उतारावर सुटलेले धावपटू आठव्या-नवव्या फेरीत तोच उतार पाय आडवे टाकीत, कण्हत उतरताना दिसतात. उतारावर पावले आखूड आणि जलद ठेवावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडू देऊ नये.

मनगटावरील घड्याळात क्षणोक्षणीचा वेग दिसत असेल तर तो दिसणार नाही अशी सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खडकाळ वाटेवर तो आकडा चढ, झाडी आणि वळणे यांनुसार उड्या मारीत राहतो आणि धावणाऱ्याला उगाच घाई करायला लावतो. त्याऐवजी श्वासाकडे लक्ष द्यावे. पहिल्या तीन-चार तासांत शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येत नसेल, तर आपण जोरात जात आहात.

प्रश्न : चोवीस तासांचा विक्रम तीनशे किलोमीटरच्या पुढे असल्याचे ऐकतो. मग ट्रेलवरील विजेते त्याच्या निम्म्यापर्यंतच का पोहोचतात?

उत्तर : ते विक्रम सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावरचे आहेत. ग्रीक वंशाचे यियानिस कौरोस यांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे धावपट्टीवर चोवीस तासांत ३०३.५०६ किलोमीटर अंतर कापले होते. लिथुआनियाचे अलेक्सांद्र सोरोकिन यांनी २०२२ मध्ये इटलीतील वेरोना येथे रस्त्यावर ३१९.६१४ किलोमीटरपर्यंत मजल मारली. ट्रेलवर चढ, दगड, मुळे, चिखल आणि अंधार हे सारे मिळून अंतर खाऊन टाकतात, आणि प्रत्येक वाट त्यांतील काय किती खाईल हे वेगळे असते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या ट्रेलवरील चोवीस तासांच्या आकड्यांचीसुद्धा तुलना करण्यात अर्थ नसतो. त्याच वाटेचा मागील वर्षांचा निकाल पाहणे अधिक उपयोगाचे.

प्रश्न : वेळ संपली तेव्हा मी फेरीच्या अर्ध्यावर असेन, तर ते अंतर धरले जाते का? आणि माझ्या घड्याळाने जास्त अंतर दाखविले तर?

उत्तर : हे त्या त्या शर्यतीच्या नियमांवर अवलंबून असते. धावपट्टीवरील आणि मोजून प्रमाणित केलेल्या रस्त्यावरील शर्यतीत वेळ संपल्याची खूण होताच धावपटू जिथे असेल तिथपर्यंतचे अर्धवट अंतरही सहसा मोजले जाते. ट्रेलवर तसे मोजणे अवघड असल्याने बहुधा पूर्ण झालेल्या फेऱ्याच धरतात. काही ठिकाणी अखेरच्या तासासाठी वेगळी, लहान फेरी आखलेली असते. मनगटावरील घड्याळाचे अंतर निकालात धरीत नाहीत. दाट झाडीत आणि पाठोपाठच्या वळणांत उपग्रहाचे संकेत चुकतात, आणि फेरीगणिक थोडी चूक साचत गेली तरी दिवसअखेर ती मोठी दिसते.

पूर्ण फेरीच धरली जात असेल, तर शेवटच्या फेरीला निघायचे की नाही, हा त्या दिवसातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो, आणि तो आयत्या वेळी घेतल्यास बहुतेकदा चुकतो. शेवटचे दोन तास उरले की मागील दोन फेऱ्यांची सरासरी काढावी; सकाळची उत्तम फेरी हिशोबात मुळीच धरू नये. त्या सरासरीत चार-पाच मिनिटांची भर घालून येणारा आकडा उरलेल्या वेळेत बसत असेल तर निघावे, आणि शेवटची फेरी सुरू करण्याची मुदत नियमांत वेगळी दिली आहे का हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. फेरी पुरी होणार नाही असे दिसत असूनही एखाद्याला वाटेवर राहावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. फक्त निकालात त्याची नोंद होणार नाही, एवढे जाणून निघावे.

प्रश्न : ‘बॅकयार्ड’ प्रकारची शर्यत म्हणजे हीच का?

उत्तर : नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅरी कॅन्ट्रेल यांनी रुजविलेल्या त्या प्रकारात प्रत्येक तासाच्या ठोक्याला सर्वांनी एकत्र निघून ६.७०६ किलोमीटरची फेरी तासाच्या आत पूर्ण करायची असते, आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा निघणाऱ्यांत एकच जण उरेपर्यंत शर्यत चालते. फेरीची लांबी अशी निवडली आहे की चोवीस तासांत बरोबर शंभर मैल होतात. तेथे लवकर आलेल्याला फक्त विश्रांतीची मिनिटे मिळतात, जास्त अंतर मिळत नाही; आपल्या शर्यतीत वाचलेले प्रत्येक मिनिट पुढच्या फेरीत जमा होते. शेवटी उरलेल्या एकाशिवाय बाकी सर्वांची नोंद शर्यत अपूर्ण राहिल्याची होते, हा त्या प्रकारातील खोडकरपणा मला आवडतो, पण पहिल्याच दीर्घ शर्यतीसाठी तो सुचवणार नाही.

प्रश्न : मी राहते तेथे आसपास डोंगर नाही. दगडांवरून धावण्याची तयारी कशी करावी? घोटा मुरगळण्याची भीती वाटते. हातात काठ्या घ्याव्यात का?

उत्तर : चढाची ताकद जिन्यावर मिळविता येते. पंधरा-वीस मजल्यांची चढउतार न थांबता करावी आणि उतरताना लिफ्ट घेऊ नये, कारण मांड्यांना सवय लागायला हवी ती उतरण्याचीच. अनवाणी एका पायावर उभे राहणे, नंतर डोळे मिटून तेच करणे आणि टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम करणे या साध्या गोष्टी घोट्यासाठी पुष्कळ उपयोगी पडतात. पूर्वी घोटा मुरगळलेला असेल तर त्या पायाला अधिक वेळ द्यावा, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढलेली असते. सपाट का होईना, पण गवताची, मातीची, खाचखळग्यांची जागा मिळत असेल तर आठवड्यातील एक दिवस तेथेच धावावे.

शर्यतीत नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावी. डोळ्यांनी निवडलेल्या जागेवर पाऊल आपोआप पडते. ओल्या खडकावर आणि मुळांवर पाय तिरका न ठेवता सरळ वरून ठेवावा. ठेच लागण्याचे प्रमाण उत्तरार्धात वाढते, त्याचे कारण वाट नसून थकवा असतो : दमलेला माणूस पाऊल नकळत कमी उचलतो आणि बुटाचा पुढचा भाग दगडाला अडतो. दोनदा ठेच लागली की खाण्याची वेळ टळली नाही ना, हे तपासावे. बूट घेताना बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, कारण काही तासांनी पाय सुजतात आणि उतारावर बोटे पुढे सरकतात. दगड फार टोकदार असतील तर तळव्यात कडक पातळ पट्टी बसविलेला बूट घ्यावा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालणारे लोक अजूनही भेटतात, हे नवल आहे.

काठ्यांविषयी आपण विचारले आहे. लांब, तीव्र चढ असतील तर दोन काठ्या पायांचा भार खरोखर हलका करतात. फेरी छोटी, वाट अरुंद आणि धावपटू पुष्कळ असतील तर त्या इतरांच्या पायांत येतात, आणि काही शर्यतींत त्यांना परवानगीच नसते.

प्रश्न : सहा-सात तासांनंतर मला अन्न पाहवत नाही, मळमळते. पाणी भरपूर पितो, मिठाच्या गोळ्याही घेतो. काय चुकते?

उत्तर : बहुधा ‘भरपूर’ हेच चुकते. दीर्घ शर्यतीत तहान लागेल तसे पाणी प्यावे, असा आजचा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. तहानेपेक्षा बरेच जास्त पाणी तासन् तास पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे आणि पुढे गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि या अवस्थेत धावपटू दगावल्याची उदाहरणे आहेत. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून वाटेल तेवढे पाणी चालते, हा समज खोटा आहे. शर्यतीत वजन थोडे कमी होणे स्वाभाविक असते. ते वाढत असेल तर मात्र पाणी जास्त होत आहे, हे निश्चित समजावे.

मळमळीचे दुसरे कारण वेग. जोरात धावताना रक्त पायांकडे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे वळते, आतड्यांना कमी पडते, आणि खाल्लेले तसेच पडून राहते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे मुद्दाम चालावे, अंग थंड करावे, आणि मग पुन्हा लहान घासाने सुरुवात करावी. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे बहुतेकांना झेपणारे प्रमाण आहे; ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेऊन सराव केलेले धावपटू ९० ग्रॅमपर्यंतही जातात, कारण या दोन शर्करा आतड्यातून वेगवेगळ्या मार्गांनी शोषल्या जातात. पोटालाही सराव द्यावा लागतो, म्हणून लांब पल्ल्याच्या सरावात तेच खावे जे शर्यतीत खाणार आहात. गोडाचा वीट येणार हे धरून चालावे आणि खारट, मऊ, कमी चावावे लागणारे काहीतरी जवळ ठेवावे. भूक लागण्याची वाट पाहू नये, घड्याळाप्रमाणे खावे. पाणी मात्र तहानेप्रमाणे प्यावे.

आपल्या पत्रात शेवटी ओझरता उल्लेख आहे की सांधे दुखू नयेत म्हणून आपण आधीच आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेता. हे थांबवावे. दीर्घ श्रमांत मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, आणि या गटातील औषधे तो आणखी घटवितात.

प्रश्न : चोवीस तासांच्या शर्यतीत रात्र कशी काढावी? झोपावे का?

उत्तर : मध्यरात्रीपेक्षा पहाटे दोन ते पाच ही वेळ कठीण असते, कारण शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही त्या सुमारास खाली येतात. त्या तासांत फेरी पाच-दहा मिनिटांनी लांबली तर घाबरू नये. उजेड होताच बहुतेकांचे पाय पुन्हा चालू लागतात. कॅफीन दिवसा टाळून रात्रीसाठी राखावे, कारण त्याचा अर्धा अंश शरीरातून जायलाही साधारण पाच तास लागतात आणि दुपारपासून घेत राहिल्यास पोट बिघडते. डोळे मिटू लागले, वाट वाकडीतिकडी चालली जाऊ लागली किंवा दगडांच्या जागी प्राणी दिसू लागले, तर वीस मिनिटांचा गजर लावून झोपावे. ती वीस मिनिटे वाया जात नाहीत; झोपेत चालत काढलेली फेरी त्याहून महाग पडते.

कपाळावरच्या दिव्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रकाश डोळ्यांजवळून पडला की दगडांच्या सावल्या दगडांमागेच लपतात आणि खडबडीत वाट सपाट भासते. कमरेला दुसरा दिवा बांधल्यास सावल्या पसरतात आणि उंचसखलपणा उठून दिसतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगालगत ठेवावी. थांब्यावर बसण्यापूर्वी कोरडा, उबदार कपडा चढवावा. धावणे थांबताच घामाने भिजलेले अंग झपाट्याने गार पडते.

प्रश्न : माझे पती बारा तास धावणार आहेत आणि मी मदतीला असेन. मी नेमके काय करावे?

उत्तर : ‘काय हवे?’ असे विचारू नये. दमलेल्या माणसाला ते ठरवता येत नाही. ते दिसताच भरलेली बाटली आणि पुढच्या फेरीचे खाणे त्यांच्या हाती द्यावे, रिकामी बाटली घ्यावी आणि किती वेळ उरला ते सांगावे. प्रत्येक फेरीची वेळ आणि त्यांनी काय खाल्ले याची नोंद आपण ठेवावी. खुर्ची असावी, पण वाटेपासून थोडी दूर. त्यांच्याकडून एखादा साधा हिशोब तोंडी करवून घ्यावा : ‘आता कितवी फेरी, आणि पाच राहिल्या तर एकूण किती?’ उत्तर देताना ते चिडले तर ठीक आहे. उत्तरच जुळवता आले नाही, बोलणे अडखळले किंवा ते भलतेच बोलू लागले, तर त्यांना पुढे जाऊ न देता वैद्यकीय पथकाला बोलवावे. मदत ठरवून दिलेल्या जागेतच करता येते, वाटेत जाऊन केल्यास ते बाद ठरू शकतात.

प्रश्न : वेगवान धावपटू मला पुन्हा पुन्हा मागे टाकतील. अरुंद वाटेवर मी काय करावे?

उत्तर : मागून आवाज आला की पहिल्या सुरक्षित जागी बाजूला व्हावे, दरीच्या कडेला किंवा निसरड्यावर घाईने सरकू नये, मागच्याने दहा सेकंद थांबावे. कानात संगीत असेल तर एक कान मोकळा ठेवावा.

प्रश्न : दुखणे आणि इजा यांतला फरक धावताना कसा ओळखावा? फेरीच्या शर्यतीत दर तासाला आपलीच खुर्ची समोर येते आणि सोडून द्यावेसे वाटते.

उत्तर : दोन्ही पायांत सारखे पसरलेले, चालू लागल्यावर थोडे निवळणारे दुखणे बहुधा थकव्याचे असते. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखविता येणारे, प्रत्येक पावलागणिक वाढणारे आणि चालण्याची ढब बदलायला लावणारे दुखणे इजेचे समजावे. ते हाडावर असेल तर त्याच फेरीला थांबावे. कंटाळ्यासाठी अनुभवी धावपटू एक साधा नियम पाळतात : सोडण्याचा निर्णय खुर्चीत बसून घ्यायचा नाही, खाऊन-पिऊन आणखी अर्धी फेरी चालल्यावर घ्यायचा.

तीन परिस्थितींत मात्र हा नियम लागू नाही. लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू प्रमाणाबाहेर दुखत व ताठ झाले असतील, तर मोडलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांत साचत असण्याची शक्यता असते आणि तातडीने रुग्णालयात जावे लागते. उन्हात धावणारा गोंधळला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघात समजून रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याला थंडगार पाण्यात बसवावे किंवा अंगावर सतत पाणी ओतावे. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. आणि थंडीत भिजलेल्या माणसाची थरथर थांबून तो सुस्तावला, तर तो सावरला असे न मानता ओले कपडे काढून त्याला ऊब द्यावी आणि वैद्यकीय मदत मागवावी.

प्रश्न : पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करावे? नखे कधी कापावीत?

उत्तर : फोड येतो तो ओलावा, उष्णता आणि कातडीच्या थरांवर पडणारा ताण यांमुळे. जेथे नेहमी येतो तेथे आधीच चिकटपट्टी लावावी, मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घालावेत आणि पायाला चुरचुर जाणवताच थांबून खडा काढावा. नखे शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापावीत, आणि कडा घासून घ्याव्यात म्हणजे मोजा अडकत नाही.